पान एकशे सतरा

गेणभाऊ मास्तर वाचता वाचता थांबले तेव्हा रत्नाला वाटलं, चष्मा घसरला असेल. मास्तरांचा चष्मा सदान्‌कदा नाकाच्या शेंड्यावर. पण त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. पानावरचं बोट तसंच ठेवून त्यांनी मान वर केली आणि सरळ रत्नाच्या सासऱ्यांकडे, नानासाहेबांकडे पाहिलं.

विहारात दीडशे माणूस बसलं होतं. वंदना झाली होती, पंचशील झालं होतं, वस्तीतल्या एकूण एक पोराचा निकाल वाचून झाला होता. आता फक्त यशोधराचं राहिलं होतं, आणि ते मास्तरांच्या हातात होतं.

“थांबलात का, मास्तर?” नानासाहेब म्हणाले.

“विंग्रजी जरा अवघड हाये, नाना. खीर वाढून घेऊ, मग बघू.”

“चाळीस वर्सं विंग्रजी शिकवलं तुमी. वाचा.”

तेवढ्यात बायकांच्या बाजूने यशोधरा उठून उभी राहिली. रत्नाने लेकीचा चेहरा पाहिला. पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

“मास्तरकाका, ते वाचू नका. ते तुमच्याकडे कसं आलं? ते अजून कच्चं आहे.”

ते कसं आलं हे सगळ्या विहारात एकट्या रत्नाला ठाऊक होतं. तिनेच दिलं होतं.

बुद्धपौर्णिमेला निकाल वाचायचा रिवाज नानासाहेबांनीच घातलेला. अवसरी बुद्रुकच्या या वस्तीतला पहिला पोरगा एसेसी पास झाला तेव्हा त्यांनी त्याची गुणपत्रिका सगळ्यांपुढे वाचून दाखवली होती, आणि त्याच दिवशी नियम केला होता. पोर शिकतं ते एकट्या घराचं नसतं, सगळ्या वस्तीचं असतं. म्हणून निकाल सगळ्यांपुढे वाचायचा. पास असो, नापास असो. कागदावर जे लिहिलंय ते सगळं वाचायचं, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या स्वतःच्या धाकट्या मुलाचा, संघर्षचा, गणितातला बावीस हा आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडाने वाचला होता. अकरा महिने शिळा झालेला निकाल त्या दिवशी पुन्हा ताजा झाला. रत्ना तेव्हा घरात नवी सून होती. विहाराच्या मागे जाऊन ओकारी काढणारा सोळा-सतरा वर्षांचा दीर तिला अजून आठवत होता.

यंदा सहावी-सातवीच्या पोरांचेही निकाल वाचले जाणार, आणि माझ्या लेकीचं काहीच नाही, हे रत्नाच्या मनाला लागून राहिलं होतं. देशभरातून दोन हजार पोरांनी परीक्षा दिली आणि आठ घेतली, त्यातली एक यशोधरा. दिल्लीच्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात एम.फिल. करते, पण गुणपत्रिका नाही. प्रबंध द्यायचा, तोंडी परीक्षा व्हायची, मग काय ते. रत्नाने दोनदा विचारलं, यशोधरा दोन्ही वेळा हसली. मग गुरुवारी यशोधरा जुन्नरला मैत्रिणीकडे गेली, तेव्हा रत्नाने तिची ट्रंक उघडली आणि तारेने बांधलेलं ते जाडजूड बाड काढलं. वर लेकीचं नाव होतं, तेवढं इंग्रजी तिला येत होतं. तिने ते पदराखाली झाकून मास्तरांकडे नेलं. सगळं थोडंच वाचता येणार, एखादं चांगलं पान निवडा म्हणाली. मास्तरांनी निवडलं ते पिवळी चिठ्ठी लावलेलं एकशे सतरावं पान. तिथे समासात यशोधराच्या मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं की प्रबंधाचा जीव या पानात आहे. मास्तरांनी ते पान आधी वाचून पाहिलं असतं तर! पण मास्तर आपल्या इंग्रजीच्या तोऱ्यात. भर सभेत वाचता वाचता मराठी करून सांगू म्हणाले.

“बस खाली, यशे,” नानासाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मास्तर, गाळायचं न्हाई.”

मास्तरांनी खाली पाहत वाचलं.

“‘कमल, वय चौसष्ट. छप्पन्न साली घरातले देव नदीत सोडायचं काम तिच्या नवऱ्यानं केलं, असं तिच्या गावात सगळे सांगतात. कमलचं सांगणं वेगळं आहे. ती म्हणते, हे गाठोडं घेऊन डोहापाशी गेले, पण त्यांचा हात धजला नाही. दिवस उगवल्यापासून काठावर बसून राहिले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर गाठोडं तसंच मांडीवर. मला म्हणाले, माझ्यानं होत नाही. मी सहा महिन्यांची पोटुशी होते. मी गाठोडं घेतलं, कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि सोडून दिलं. घरी आल्यावर लोकांनी विचारलं, कुणी सोडले? तर हे म्हणाले, मी.’”

यशोधराने नाव बदललं होतं. गावाचं नाव सुद्धा घातलं नव्हतं. पण नदीचा डोह, छप्पन्न साल आणि सहा महिन्यांची पोटुशी एवढं सांगितल्यावर ‘कमल’ कुठली टिकते? पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बयाबाईने मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अगं बया! जानके, तू व्हय?”

रत्नाच्या सासू, जानकाबाई, मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, एवढंच. रत्ना त्यांना चिकटून बसली होती, पण त्यांच्याकडे पाहायची तिची छाती झाली नाही.

नानासाहेब उठले. काठी उचलली आणि दीडशे माणसांमधून, कुणाकडेही न बघता, बाहेर गेले. त्यांना वाट देताना माणसं मागे सरकली ती आदराने की कशाने, ते रत्नाला कळलं नाही. दरवर्षी संध्याकाळी पाच वाजता याच जागी त्यांचं भाषण व्हायचं. त्यात हाच डोह, हेच गाठोडं. शेचाळीस वर्षांत ती गोष्ट वस्तीला इतकी पाठ झाली होती की पोरं नाटकात ती करून दाखवायची.

घरी खीर पातेल्यात निवत होती. नानासाहेब ओट्यावरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आतल्या खोलीत मात्र संघर्षने दार लोटून घेतलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. ग्रामपंचायतीत निवडून आल्यापासून त्याचा आवाज तसाही घरात मावत नसे.

“दिल्लीत जाऊन हेच शिकली का गं तू? आज्याची अब्रू काढायची, आन् त्याच्यावर डिगरी घ्यायची? वस्तीच्या तोंडाला कमान उभी केलीये मी. ‘देव डोहात सोडनारे नानासाहेब’, अक्षरं रंगवून झाल्यात. आता काय करू? वर डांबर फासू?”

“काका, मी नाव बदललं होतं.”

“बयाबाईला दोन मिंटं लागली न्हाईत वळखायला!”

“बयाबाई तो प्रबंध वाचणारच नव्हती! तो तिथे मॅडम वाचणार, परीक्षक वाचणार. इथे वाचला कुणी?”

रत्ना चुलीपाशी उभी होती. जाऊ इंद्रायणीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिला ठाऊक असावं, गुरुवारी तिने रत्नाला मास्तरांच्या दारात पाहिलं होतं.

“मी दिलं,” रत्ना म्हणाली. “मला वाटलं, माझ्या लेकीचं बी कायतरी वाचावं. मला काय ठावं आत काय हाये!”

यशोधराने आईकडे पाहिलं. राग येईल, ओरडेल, असं रत्नाला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसते डोळे मिटले आणि उघडले.

रत्नाचा नवरा प्रबुद्ध इतका वेळ खुर्चीत बसून होता. एस.टी.त वाहतूक नियंत्रक, सगळ्यांना ज्या त्या गाडीत बसवून देणारा माणूस. घरातही त्याचं तेच चालायचं. “हे बघा,” तो म्हणाला, “झालं ते झालं. यशू, तुझं काम लई चांगलं आहे, मला मान्य आहे. पण एकच पान आहे ना? काढून टाक. बाकी दोनशे पानं आहेतच की. विहारात मी सांगतो, मास्तरांचं भाषांतर चुकलं म्हणून.”

“बाबा, त्या एका पानावर अख्खं तिसरं प्रकरण उभं आहे. ते काढलं तर नव्याने लिहावं लागेल. पंधरा जुलैला द्यायचंय. नाही दिलं तर पीएच.डी.ची जागा गेली.”

ती जागा म्हणजे काय, हे घरात रत्नाइतकं कुणाला कळत नव्हतं. पहिल्या सहामाहीत पोरगी काय होऊन गेली होती! वर्गात ती तोंड उघडायची आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं कुणीतरी झरझर इंग्रजीत बोलून मोकळं व्हायचं. पहिला निबंध परत आला तो लाल शाईने भरून. खाली एकच ओळ, पुन्हा लिही. मेसमधून ताट घेऊन ती खोलीत जेवायची, कारण टेबलावर सगळे वडलांच्या पुस्तकांबद्दल बोलायचे. ऑक्टोबरात एका रविवारी तिने चौकातल्या एसटीडीवर फोन केला आणि रडत म्हणाली, आई, मी येते परत. रत्ना म्हणाली होती, ये गं बाई, ये. तेव्हा जानकाबाईंनी सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला होता. “यायचं न्हाई,” त्या म्हणाल्या होत्या. “तितंच बसायचं. त्येंना बोलू दे पुरं, मग तू बोल. तुला सांगायासारखं न्हाई का काय? मी देते सांगायला.”

आणि दिवाळीत त्यांनी दिलं. विभागातून आणलेला छोटा टेपरेकॉर्डर यशोधराने मधे ठेवला आणि आजी-नात दोन दिवस माडीवर दार लावून बसल्या. त्यातलं काही जानेवारीत तिने वर्गात वाचलं. वाक्य कुणी तोडलं नाही. वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, अजून आहे? यशोधराने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जे होतं ते रत्नाने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“जागा गेली तर गेली,” संघर्ष म्हणत होता. “नानांच्या वर काय जागा हाये? मी सांगतो, ते पान निघनार. मी घरचा मानूस हाये, दादा हाये, आमी दोघं सही देतो तुझ्या मॅडमला.”

“तुमच्या सहीचा उपयोग नाही, काका.”

“म्हंजे?”

यशोधराने पिशवीतून एक कागद काढला. “आमच्याकडे नियम आहे. ज्यानं सांगितलं त्याचं ते असतं. त्यानं सही केली तरच वापरायचं, आणि प्रबंध देईपर्यंत त्याला कधीही ते परत मागता येतं. दुसऱ्या कुणाला नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. मलासुद्धा नाही.”

कागदाच्या तळाशी प्रौढवर्गात शिकलेल्या मोठ्या, गोल अक्षरांत ‘जानकाबाई’ असं लिहिलं होतं. संघर्षने तो कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही सवलत लिहिली असेल. मग घरातली पाचही माणसं कोपऱ्यात बसलेल्या जानकाबाईंकडे वळली.

“आई,” प्रबुद्ध हळू म्हणाला, “तूच सांग आता.”

जानकाबाईंनी नातीकडे पाहिलं.

“काढून टाक, यशे.”

संघर्षने मोठा श्वास सोडला. रत्नाला मात्र धक्का बसला तो असा की हातातलं भांडं तिने नकळत खाली ठेवलं. चोवीस वर्षं ती या बाईच्या हाताखाली होती. दिलेला शब्द मागे घेताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि यशोधरा! पोरीने मान हलवली, हो म्हणून, आणि कागद घडी करायला लागली. घडी नीट बसेना. तिने ती उलगडली, पुन्हा घातली.

“आत्याबाई,” रत्नाच्या तोंडून निघून गेलं, “असं करू नका. पोरगी मरंल.”

“रत्ना!” प्रबुद्ध म्हणाला.

“का? मी बोलायचं न्हाई? चूक माझी हाये, तर मला धरा. विहारात झाडू मारीन वर्सभर. पन खरं हाये ते खरं हाये. तुमीच फोनवर म्हनला व्हता, मी देते सांगायला. दिलेलं परत घेता व्हय?”

दार करकरलं. नानासाहेब उंबऱ्यात उभे होते. ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे.

“का काढायचं?” त्यांनी बायकोला विचारलं. “खोटं हाये का त्यात?”

“खोटं न्हाई.”

“मग?”

“अर्धं हाये,” जानकाबाई म्हणाल्या.

कुणाला काही समजलं नाही. नानासाहेबांना मात्र समजलं असावं, कारण त्यांनी चौकटीला हात टेकवला.

“मी बी गाळलं,” जानकाबाई म्हणाल्या. त्या कुणा एकाशी बोलत नव्हत्या. “ह्यांची आई. तिनं सांगून ठेवलं व्हतं, ज्यो देव बुडवंल त्याच्या हातचं पानी बी घेनार न्हाई, मरंपतुर. आन् बोलायची ती करायची. मी पोटुशी, मला तर तिनं घराभाईर काढलं असतं. म्हनून हे म्हनले, मी सोडले. माझ्यावर येऊ ने म्हनून. मंग बारा वर्सं त्या माउलीनं पोटच्या पोराच्या हातचं पानी घेतलं न्हाई. माझ्या हातचं घेतलं. माझ्या! अडुसष्ट साली ती गेली, तवा बी तोंडात पानी म्या घातलं. हे दाराच्या भाईर उभे. आत आले न्हाईत, तिला तरास नगं म्हनून.”

बाहेर कुणीतरी सायकल लावली. रत्नाला भाषण आठवलं. दरवर्षीच्या भाषणात नानासाहेब ‘आणि मग मी गाठोडं सोडलं’ या वाक्यापाशी यायचे, थांबायचे आणि पाणी मागायचे. दरवर्षी जानकाबाई तांब्या घेऊन उठायच्या. घसा कोरडा पडतो, म्हातारे झालेत, असं रत्ना चोवीस वर्षं समजत आली होती.

संघर्ष खाली बसला. “मग हे तू टेपात का न्हाई सांगितलंस, आई?” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. “नानांची बाजू हीच तर व्हती.”

“व्हय. न्हाई सांगितली. राग व्हता म्हनून न्हाई सांगितली.” जानकाबाईंनी पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. “म्हातारी व्हती तवर माझ्यासाठी खोटं बोललात. मी पाया पडते त्याला. पन म्हातारी अडुसष्टात गेली. त्याच्या फुडं चौतीस वर्सं कुनासाठी बोललात?”

नानासाहेबांनी मान खाली घातली. रत्नाने सासऱ्याची मान खाली गेलेली कधी पाहिली नव्हती. तालुक्याच्या कचेरीत, मोर्च्यात, गावकीच्या बैठकीत, कुठेच नाही.

“दरसाल मला वाटायचं, अवंदा सांगत्याल,” जानकाबाई म्हणाल्या. “तांब्या घिऊन जवळ जायची, तवा तोंडाकडं बघायची. पानी पिऊन हे फुडं बोलायला लागायचे.”

मग संघर्ष बोलला, तोही बापाकडे न पाहता. “माझे बावीस वाचले तुमी. सगळ्यांम्होरं. मी पाया पडत व्हतो, नाना, एवढं एक गाळा. तुमी म्हनला, नियम म्हंजे नियम. तवा तुमच्याकडं हे व्हतंच की न वाचलेलं.”

आता तो कुणाच्या बाजूने बोलत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. इंद्रायणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. प्रबुद्ध उठला, बापाला धरायला गेला आणि मधेच थांबला.

“आज्जी,” यशोधरा म्हणाली, “मग पान काढू की ठेवू?”

“पाचला ह्यांचं भाषन हाये न्हवं? ते ऐकते. मग सांगते.”

पाचच्या आतच विहार भरला. सकाळी नसलेलीही माणसं आली होती. मंचरहून पाहुणे आले, खुर्दच्या वस्तीतून दोन टेंपो आले. अशी बातमी पसरायला पाय लागत नाहीत. नानासाहेब येणारच नाहीत अशी कुजबुज बायकांत चालली होती. रत्ना जानकाबाईंच्या डाव्या हाताला, यशोधरा उजव्या. यशोधराच्या मांडीवर रुमालाखाली टेपरेकॉर्डर होता. तो आणायला आजीनेच सांगितलं होतं.

नानासाहेब आले. धुतलेला सदरा, पांढरी टोपी. रोजच्यासारखे मूर्तीपुढे वाकले, माईकपाशी उभे राहिले आणि बोलायला लागले. छप्पन्न साल. नागपूरहून आलेली बातमी. वस्तीची बैठक. तेच शब्द, त्याच क्रमाने. गाठोडं बांधलं. डोहापाशी गेलो. रत्नाने पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. आता ते वाक्य. हा माणूस पुन्हा तेच बोलणार, तिला वाटलं, आणि माझ्या लेकीचं पान गेलं.

नानासाहेब थांबले. दरवर्षी थांबायचे तिथेच.

सवयीने बायकांच्या माना जानकाबाईंकडे वळल्या. तांब्या त्यांच्या पुढ्यात होता. त्या उठल्या नाहीत.

मागे कुणीतरी खाकरलं. मग नानासाहेबांनी काठी भिंतीला टेकवली, मंचावरून खाली उतरले आणि बायकांच्या बाजूला आले. दोन्ही हातांनी तांब्या उचलला. फुलपात्र भरताना निम्मं पाणी सतरंजीवर सांडलं. ते त्यांनी जानकाबाईंपुढे धरलं.

“आधी सांगा,” जानकाबाई म्हणाल्या. “मग घेते.”

माईक लांब होता. मागची माणसं उठून पुढे आली. फुलपात्र तसंच हातात धरून, बायकांच्या मधे उभे राहून नानासाहेबांनी सांगितलं. देव मी सोडले न्हाईत. माझा हात धजला न्हाई. हिनं सोडले. कमरेएवढ्या पान्यात जाऊन, पोटात प्रबुद्ध असताना. मग आईचं सांगितलं. शपथ, पाणी, बारा वर्षं, शेवटचा दिवस, बंद दार. दाराबाहेर उभं राहून आतली भांडी वाजलेली कशी ऐकली तेही सांगितलं, जे जानकाबाईंनाही माहीत नव्हतं. बयाबाईने डोळ्यांना पदर लावला. गेणभाऊ मास्तर चष्मा काढून पुसत होते. पुरुषांच्या बाजूलाही हुंदका फुटला, आणि तो संघर्षचा आहे हे रत्नाने न बघता ओळखलं.

नानासाहेब थांबले. सगळ्यांना वाटलं, झालं. कुणीतरी ‘जय भीम’ म्हणायला तोंडही उघडलं.

जानकाबाईंनी त्यांच्या हातून फुलपात्र घेतलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. रिकामं फुलपात्र त्यांनी रत्नाकडे दिलं, तोंड पुसलं आणि नातीकडे झुकून विचारलं, “टेप चालू हाये न्हवं?”

“हो, आज्जी.”

“ऱ्हाऊ दे पान. हे बी त्याला जोड.” मग त्यांनी नवऱ्याकडे वर पाहिलं. “बसू नका. आता फुडची चौतीस वर्सं सांगा. गाळायचं न्हाई.”